अक्काच्या येसराचा आराखडा

अक्काचा फोन आला तेव्हा मी तास संपवून स्टाफरूममध्ये येऊन बसलो होतो. हाताला खडू लागलेला होता, म्हणून फोन कसाबसा खांद्यात धरला.

"तू ते पोरांना शिकवतोस न्हाई का," अक्का म्हणाली, "धंदा कसा वाढवायचा, गिऱ्हाईक कसं आणायचं, ते कागदावर मांडून देतेत ते? तसलं एक आमचं करून दे."

नांदेडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवतो. विपणन हा माझा विषय. मार्केटिंग प्लॅनचं प्रकरण मी चौदा वर्षं शिकवत आलो होतो. दरवर्षी फळ्यावर तेच चौकोन, तेच बाण, तीच उदाहरणं. या चौदा वर्षांत एकाही माणसानं मला खराखुरा आराखडा करून मागितला नव्हता. धाकट्या भावाकडे अक्का कधी काही मागायची नाही. तिनं मागितलं म्हणजे तिथं काहीतरी बिघडलं असणार, हे मला कळायला हवं होतं. पण मला आनंदच झाला. मी म्हणालो, "शनिवारी येतो."

अक्का आणि दाजी लातूरला राहायचे. गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका गल्लीत त्यांची दोन खोल्यांची जागा होती. पुढच्या खोलीत दुकान आणि कांडप यंत्र, मागच्या खोलीत भट्टी. ते काळा मसाला करायचे, मेतकूट करायचे, पण नाव होतं ते येसराचं. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने आणि गरम मसाला वेगवेगळे भाजून त्यांचं जे पीठ दळतात ते येसर. उकळत्या पाण्यात ते सोडलं, वरून फोडणी दिली की आमटी झाली. आमच्याकडच्या लग्नात पंगतीला ही आमटी नसेल तर म्हातारी माणसं ताटावरून उठताना नाक मुरडतात. लग्नसराईत रेणापूर, चाकूर, उदगीरकडची माणसं येसरासाठी दाजींकडे यायची.

भाजायचं काम दाजींचं. त्यात अक्कासुद्धा हात घालत नसे. दाजी कढईपुढं बसायचे, कपाळाला सकाळचं विभूत, आणि उलथणं फिरवताना डोळे मिटून घ्यायचे. धने किती भाजले हे ते कधी बघायचे नाहीत. वासावर ओळखायचे. पोत्यात नुसता हात घालून तो नाकाशी नेला की माल नवा की जुना, पावसात भिजून वाळवलेला की काय, ते सांगायचे. माझ्या लग्नात ते पाहुण्यांमध्ये गप्पा मारत बसले होते आणि एकदम उठून म्हणाले, "आमटी खाली लागून राहिली, बघा जरा." आचारी मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. जाऊन बघतात तर खरंच लागायला सुरुवात झाली होती. आमच्या घरात ही गोष्ट पुढं कितीतरी वर्षं सांगितली जायची.

शनिवारी मी गेलो तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दाजी खुर्चीत बसले होते. कोरोनाच्या साथीत ते आजारी पडून उठले होते त्याला तोवर दोन वर्षं होऊन गेली होती, तरी अंगावर मांस चढलं नव्हतं. सदरा खांद्यावरून ओघळत होता.

"या सर," ते म्हणाले. मेव्हण्याला ते थट्टेनं सर म्हणायचे. "आता तुम्हीच मार्गाला लावा आम्हाला."

मी वही काढली. गेल्या दोन सराईत माल किती गेला, कोण गिऱ्हाईक तुटलं, कधी तुटलं, असं एकेक विचारत गेलो. सगळं अक्काच सांगत होती. दाजी मधूनच "हाव" म्हणायचे आणि रस्त्याकडे बघायचे. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं दाजी, कशानं कमी झालं?"

"तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणाल तसं."

मला ते मोठेपण दिल्यासारखं वाटलं.

पुढचे दोन महिने मी दर शनिवार-रविवारी लातूरला गेलो. नांदेडहून पहिल्या एस्टीनं निघायचं, लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारच्या आत पोचायचं. बसमध्ये मी मांडीवर कागद घेऊन लिहीत असायचो. मला पुन्हा विद्यार्थी झाल्यासारखं झालं होतं. मी एक प्रश्नावली केली. अक्काच्या वहीतून जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते काढले आणि घरोघर गेलो. माणसं बसवून घ्यायची, चहा द्यायची आणि नेमकं काही सांगायची नाहीत.

"चांगलं हाय की येसर. न्हाई कोण म्हणतंय?"

"आता घरात आमटी करतंय कोण? पोरांला पनीर लागतंय."

"आचारीच आणतो सगळं. आम्ही काही बघत न्हाई."

मी हे सगळं लिहून घेतलं. बदलत्या आवडीनिवडी, तयार पाकिटांची स्पर्धा, आचाऱ्यांवर अवलंबून असलेली खरेदी. माझ्या प्रकरणात असतात तशीच कारणं मिळत होती आणि ती मिळताहेत याचंच मला समाधान होतं. रेणापूरच्या एका बाईंनी मला दारापर्यंत सोडायला येऊन हळूच सांगितलं, "एकदा तुमच्या दाजीला विचारा की." मी समासात लिहिलं: ग्राहकांना मालकाशी थेट संपर्क हवा आहे.

ती वही अजून माझ्याकडं आहे. ते वाक्य माझ्याच अक्षरात आहे.

आराखडा बावीस पानांचा झाला. नवं पाकीट, आचाऱ्यांना नमुने, लग्नाच्या आधी घरी जाऊन भेट, मोबाइलवर पाठवायचे छोटे व्हिडिओ, प्रदर्शनात स्टॉल. या सगळ्याच्या मध्यभागी मी एक गोष्ट ठेवली होती. इतर पाकिटांपेक्षा आपल्याकडं वेगळं काय आहे? दाजींचं नाक. पाकिटावर दाजींचा फोटो हवा, मूठभर धने नाकाशी धरलेला, आणि खाली तीन शब्द: नाकानं पारखलेलं येसर.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा अक्का डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. दाजी म्हणाले, "फोटो नको सर. माणसाचा फोटो कशाला? देवाबिवाचा टाका."

"देवाचा सगळेच टाकतात," मी म्हणालो. "तुमच्यासारखं नाक दुसऱ्या कुणाकडं आहे?"

मी आग्रह धरला. त्यांचा नकार हा विनय आहे असं मी समजत होतो आणि विनय मोडून काढणं हे माझं काम आहे असंही समजत होतो. शेवटी अक्काच म्हणाली, "काढू द्या. तो एवढा धावून राहिला आपल्यासाठी."

आम्ही तिघं फोटो स्टुडिओत गेलो. दाजींनी धन्याची मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले. फोटोवाल्याला दुसरा फोटो काढावाच लागला नाही. इतका सुंदर फोटो मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. पाकिटं छापून आली. मी वर्गात मुलांना ती दाखवली. एक मुलगी म्हणाली, "सर, यांच्याकडं बघूनच वास येतोय." मी ते वाक्य फोनवर अक्काला सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

हिवाळ्यात नांदेडला लहान उद्योगांचं प्रदर्शन भरलं. पाच दिवस. मैदानावर मांडव, ओळीनं स्टॉल, लोणची, पापड, गोधड्या, लाकडी खेळणी. आमचा स्टॉल कोपऱ्यावरचा होता. मागं दाजींचा मोठा फोटो लावला होता, माणसाच्या उंचीचा. आराखड्यात लिहिलं होतं त्याप्रमाणे तिथंच शेगडीवर आमटी उकळत ठेवायची आणि येणाऱ्याला कागदी कपात चाखायला द्यायची. अक्का आमटी करत होती, दाजी कप भरत होते, मी माहितीपत्रकं वाटत होतो. पहिल्या दिवशी माझे विद्यार्थी आले, सहकारी आले. सगळ्यांनी छान छान म्हटलं. पण पाकिटं फार गेली नाहीत. पहिला दिवस असाच जातो, असं मी अक्काला समजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उदगीरची एक म्हातारी आली. लेकीकडं नांदेडला राहायला आली होती. तिच्या घरच्या सगळ्या लग्नांना दाजींचंच येसर गेलं होतं. आम्ही सगळेच तिला अव्वा म्हणायचो. दाजी बाहेर येऊन तिच्या पाया पडले. अक्कानं खुर्ची दिली. मी मोठ्या उत्साहानं तिच्या हातात कप दिला.

अव्वानं एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. मग गिळला आणि कप टेबलावर ठेवला. आणखी एक घोट घेऊन बघावा म्हणून तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"एनायतो रे?" ती दाजींना कानडीत म्हणाली. "काय झालं तुला?"

"काय न्हाई अव्वा."

"धने करपलेत. डाळ कच्ची हाय. तुझ्या हातचं हे न्हाई. कुणी केलं?"

शेजारच्या स्टॉलवरच्या बाया बघायला लागल्या. चार-पाच माणसं कप हातात घेऊन उभी होती. अक्का शेगडीची ज्योत कमी करायला खाली वाकली ती वर आलीच नाही. दाजी टेबलाला धरून उभे होते. मला वाटलं ते काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. ते म्हणाले, "मीच केलंय अव्वा. मला वासच येत न्हाई."

"म्हणजे?"

"त्या आजारात गेला. आलाच न्हाई परत. चवबी न्हाई कळत. भाकरी खाल्ली काय नि पुठ्ठा खाल्ला काय."

अव्वा त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिची नजर त्यांच्या मागं गेली, त्या माणसाएवढ्या फोटोवर. लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं, पण चित्र कळत होतं.

"मग हा फोटो कशाला लावला रे?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. ते म्हणाले, "आमच्या मेव्हण्यानं लई मेहनत केली अव्वा."

माझ्या हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा होता. तो कुठं ठेवावा हे मला सुचेना. अव्वानं उठताना दाजींच्या गालावरून हात फिरवला आणि काही न घेता ती लेकीचा हात धरून गेली. पाकीट तिनं घेतलं नाही याचं मला तेव्हाही वाईट वाटलं, आणि अशा वेळी आपल्याला पाकीट दिसतंय याची लाजही वाटली.

उरलेले तीन दिवस आम्ही स्टॉल लावला नाही. त्याच दुपारी सामान टेम्पोत घालून माझ्या घरी आणलं. दाजी आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. मी आणि अक्का ओट्यावर बसलो.

"मला सांगायचं नाही का?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर काय लिहिलं असतंस?"

खिशात राहिलेलं एक माहितीपत्रक काढून मी त्याच्या घड्या घालू लागलो.

"गिऱ्हाइकाला आधी कळलं," अक्का म्हणाली. "मग मला. ह्यांनी तर मलाबी सहा महिने सांगितलं न्हाई. रंगावर भाजायचे, अंदाजानं. मी विचारलं की म्हणायचे, सर्दी हाय. एक दिवस भट्टीपाशी चिंधी पेटली. मी पुढच्या खोलीतून वासानं पळत आले, तर हे तिथंच बाजूला बसलेले."

"मग आराखडा कशाला मागितलास?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "मला वाटलं, चवीवाचून चालतं असंल. बाजारात लई जणांचं चालतंय की. ते काय करतेत ते तुला म्हाईत असंल. तुझ्या पुस्तकात काहीतरी असंल, असं वाटलं."

चौदा वर्षं मी जे शिकवत होतो त्यात खरंच असं काहीतरी होतं. वेष्टन, फोटो, तीन शब्द. तेच मी तिला दिलं होतं.

त्यानंतर आम्ही सहा-सात महिने धडपडलो. लातूरच्या नाकाच्या डॉक्टरांनी चार वासांचा व्यायाम सांगितला होता. लवंग, लिंबू, गुलाब, नीलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली उघडून हुंगायची आणि तो वास मनात आठवायचा. दाजी पोथी वाचावी तसे नेमानं करायचे. मी एकदा समोर बसलो होतो. त्यांनी लवंगेची बाटली हुंगली, डोळे मिटले. मी विचारलं, "काही?" ते म्हणाले, "आठवतंय. येत न्हाई." बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाले, "आता आठवायचंबी कमी होऊन राहिलं."

मी आराखड्यात दुरुस्ती केली. भाजायचं काम अक्कानं शिकायचं, दाजींनी शिकवायचं. मी घड्याळ आणलं, वजनकाटा आणला, तापमापक आणला. कढईपुढं अक्का, शेजारी दाजी, मी वही घेऊन. धने तापायला लागले की दाजी विचारायचे, "आला का?"

"काय?"

"पहिला वास. हिरवा. तो जाऊ दे. मग दुसरा येईल."

"कसला दुसरा?"

दाजी हवेत बोटं हलवायचे. "तो असा वर चढतो. टाळूला लागतो. मग लगेच कढई उतरायची."

"मला समदा एकच येतोय," अक्का म्हणायची.

जे त्यांना चाळीस वर्षं शब्दांशिवाय कळत होतं ते सांगायला त्यांच्याकडं शब्द नव्हते, आणि ते दाखवायला नाक उरलं नव्हतं. अक्का चिडायची. एकदा तिनं उलथणं फेकून दिलं आणि म्हणाली, "तुम्हाला येत होतं तेव्हा मला हात लावू दिला न्हाई." दाजी उठून उलथणं उचलायला गेले, ते मीच उचलून दिलं. एखादा घाणा बरा निघायचा. मग आम्ही तिघंही वहीत बघून अगदी तसंच करायचो आणि पुढचा घाणा कडवट व्हायचा. पाहता पाहता अशी वेळ आली की बरोबर चव कोणती हेच अक्काला आठवेना. गल्लीतल्या बायकांना वाटी-वाटी देऊन विचारायचो. त्याही म्हणायच्या, पहिल्यासारखं न्हाई, पण पहिलं कसं होतं ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

छापलेली पाकिटं शिल्लक होती. दाजींनी अक्काला सांगितलं, फोटोवर कोरा कागद चिकटवूनच द्यायचं. अक्का दुपारी खळ घेऊन बसायची आणि एकेका पाकिटावर पांढरी चिठ्ठी लावायची. मी एकदा मदतीला बसलो. पन्नासेक चिठ्ठ्या लावल्यावर मला पुढं लावता येईनात. ती मात्र लावत राहिली.

पुढच्या लग्नसराईत कुणीच आलं नाही. भोकरच्या एका आचाऱ्याला मी स्वतः जाऊन भेटलो. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "सर, मांडवात लोक मला शिव्या देतेत, तुम्हाला न्हाई." त्यानंतर कुणाला भेटायला जाण्याची माझी हिंमत झाली नाही.

कांडप यंत्र औशाच्या एका माणसानं नेलं. पुढच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. अक्का शिकवण्यांना आलेल्या पोरांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटते. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजतात. दाजी तिथून जवळच एका मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर आहेत. आत-बाहेर करणाऱ्या मुलींची वेळ रजिस्टरात लिहायची, एवढंच काम.

मी अजून तेच प्रकरण शिकवतो. ते सोडून दिलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण अभ्यासक्रमात आहे आणि मला दुसरं काही येत नाही. फळ्यावर चौकोन काढताना हात थांबतो असंही होत नाही. तास होतो, मुलं लिहून घेतात.

गेल्या महिन्यात लातूरला गेलो होतो. अक्काला दुपारची तासभर सुट्टी होती, ती झोपली होती. उठवलं नाही. दाजींना भेटायला फाटकावर गेलो. त्यांनी उठून मला आपली खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मी बसेना, म्हणून मग आम्ही दोघंही उभे राहिलो. खुर्ची मधे रिकामी. बाजूलाच मेसचं मागचं दार होतं, कुणीतरी मोठ्या कढईत कांदा परतत होतं. त्या वासानं मला खोकला आला. दाजींनी मला विचारलं, "काय झालं, सर?"

"काही नाही. कांदा."

"असंल," ते म्हणाले. तेवढ्यात दोन मुली आल्या आणि दाजी वेळ लिहायला रजिस्टरकडं वळले.